मक्याचा युरिया: दिवस मोजू नका, पानं मोजा

सिल्लोड-भोकरदनच्या पट्ट्यात जुलैमध्ये एक देखावा दरसाल ठरलेला असतो. पावसाने दोन दिवस उघडीप दिली, की सगळं गाव एकाच सकाळी घमेली घेऊन मक्यात उतरतं. कुणाचा मका वीस दिवसांचा असतो, कुणाचा पस्तीस. शेजाऱ्याने टाकला, म्हणून आपण टाकायचा. पानांवर दव तसंच, एक मूठ डावीकडे, एक उजवीकडे, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत गोण्या रिकाम्या.

मीही बरीच वर्षं असाच युरिया फेकला. एका खरिपात मजूर मिळेनात, म्हणून पंचविसाव्या दिवशी एकरी दोन्ही गोण्या एकदाच देऊन मोकळा झालो. आठवड्यात मका काळाभोर. रस्त्याने जाणारा थांबून विचारायचा, काय टाकलंय म्हणून. खत टाकल्यापासून बाराव्या दिवशी पाऊस लागला, तो चार दिवस हटला नाही. खालच्या अंगाला वीसेक गुंठ्यांत पाणी तुंबलं. तुरा पडला तेव्हा त्या वीस गुंठ्यांतली खालची चार-चार पानं पिवळी होऊन लोंबत होती, आणि कणसं सोलली तर शेंड्याला दोन बोटं रिकामी. वरच्या अंगाला तेच बियाणं, तेवढाच युरिया, आणि कणीस टोकापर्यंत भरलेलं. खत कमी पडलं नव्हतं. ज्या दिवसांत मक्याला ते लागणार होतं त्या दिवसांत ते जमिनीत उरलंच नव्हतं.

तेव्हापासून मी खताचा हिशेब दोन भागांत करतो. एकरी किती, हा सोपा भाग. कधी आणि कसं, हा अवघड. बहुतेकांचं नुकसान दुसऱ्या भागात होतं, आणि चर्चा मात्र पहिल्याचीच चालते.

मक्याला भूक कधी लागते

युरियातून पिकाला मिळतं ते नत्र, म्हणजे नायट्रोजन. पहिले तीन आठवडे मक्याची नत्राची गरज अगदी किरकोळ असते. सात-आठ पानं होईपर्यंत तो आयुष्यभराच्या नत्राच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी घेतो. तिथून पुढे तुरा बाहेर पडेपर्यंतचे पंचवीस-तीस दिवस ही त्याची खरी जेवणाची वेळ. स्त्रीकेसर (कणसाच्या शेंड्याचे रेशमी केस) बाहेर येईतो साधारण दोन तृतीयांश नत्र झाडात गेलेलं असतं. एकरी पंचवीस क्विंटल देणारं पीक या काळात दिवसाला किलोभर नत्र उचलतं, म्हणजे रोज दोन किलोंहून जास्त युरिया.

त्याच काळात कणसाचं भवितव्यही ठरतं. मक्याचा वाढीचा कोंब पाच-सहा पानांपर्यंत जमिनीच्या खालीच असतो. तो वर निघण्याच्या सुमारास, सहा ते आठ पानांच्या अवस्थेत, कणसावर दाण्यांच्या ओळी किती हे पक्कं होतं. (ओळी मोजून बघा: चौदा, सोळा, अठरा, नेहमी सम.) एका ओळीत दाणे किती, हे त्यानंतर तुऱ्याच्या आठवडाभर आधीपर्यंत ठरत राहतं. या काळात उपाशी राहिलेल्या मक्याला नंतर कितीही खाऊ घाला, कणीस लांब होत नाही.

आता दिवसांचं बघू. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत पेरणीच्या वेळी, ३० दिवसांनी आणि ४० ते ४५ दिवसांनी असे तीन हप्ते सांगितलेले असतात. शिफारस बरोबरच आहे, पण ते दिवस सरासरीचे. खरिपात उघडीप चांगली असली तर आठ पानं तिसाव्या दिवशी होतात. सतत झाकोळ आणि गारठा राहिला तर तोच मका पस्तीस दिवस घेतो. रब्बीत नोव्हेंबरला पेरलेल्याला डिसेंबरच्या थंडीत चाळीस-पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. म्हणून पानं मोजायची.

मोजायची रीत अशी. पान जिथे खोडाला चिकटतं तिथे फिकट रंगाची पट्टी असते, गळ्यात पट्टा बांधल्यासारखी. ती दिसते तेवढीच पानं धरायची. पोंग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून, नुसती डोकावणारी धरायची नाहीत. सगळ्यात खालचं पहिलं पान छोटं आणि टोकाला गोल असतं, तेही मोजायचं. ते पुढे वाळून गळतं आणि मग मोजणी चुकते. त्यासाठी मका लहान असतानाच शेतातल्या पाच-सहा ठिकाणच्या दोन-दोन झाडांच्या पाचव्या पानावर रंगाचा ठिपका द्यावा. माझ्याकडे गाईची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट असतो, तो पोळ्यापर्यंत टिकतो.

एकरी किती

खरीप मक्याची राज्यातली नेहमीची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश. एकरात सांगायचं तर ४८, २४ आणि १६ किलो. पाण्याची खात्री असलेल्या रब्बी संकरित मक्याला नत्र एकरी ६० किलोपर्यंत नेतात.

हा आकडा आला कुठून ते कळलं की तो आपल्या शेताप्रमाणे वाकवता येतो. एक टन दाण्यांमागे मक्याचं पूर्ण झाड वीस-बावीस किलो नत्र उचलतं. त्यातलं चौदा-पंधरा किलो दाण्यात, उरलेलं कडब्यात. पंचवीस क्विंटल पिकवायचा तर पन्नास-पंचावन्न किलो झाडात गेलं पाहिजे. यातलं काही जमीन स्वतः देते, सेंद्रिय पदार्थ कुजून. उरलेलं आपण देतो. पण दिलेल्यातलं अर्धंदेखील अनेकदा पिकाला लागत नाही. शिफारशीत ही गळती धरलेली असते. गळती कमी केली, तर त्याच दोन गोण्यांत जास्त पिकतं.

माती परीक्षणाच्या कागदावर उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर ‘कमी’, २८० ते ५६० ‘मध्यम’. कमी असेल तर मात्रा पाव पट वाढवायची, भरपूर असेल तर पाव पट कमी करायची, हा ढोबळ नियम. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या बहुतेक कागदांवर नत्रासमोर ‘कमी’ असंच येतं, त्यामुळे त्यावरून फारसा फरक कळत नाही. त्या कागदाचा खरा उपयोग स्फुरद, पालाश, जस्त आणि सामू (पीएच) यांसाठी.

वजावट मात्र प्रामाणिकपणे करावी. आदल्या रब्बीत त्याच रानात हरभरा होता, तर एकरी आठ-दहा किलो नत्र कमी करायला हरकत नाही. चार-पाच टन कुजलेलं शेणखत टाकलं असेल तर त्यात वीस-पंचवीस किलो नत्र असतं खरं, पण पहिल्या हंगामात त्याच्या पाव ते तिसरा हिस्साच हाती लागतो. म्हणून पाच-सात किलोच वजा करा. कोंबडीखत लवकर लागू होतं, त्याचं जवळपास निम्मं धरता येतं. उलट, मागच्या मक्याचा किंवा ज्वारीचा धसकटासकट पाला जमिनीत गाडला असेल, तर तो कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलंच नत्र खातात. तिथे पेरणीच्या वेळचा हप्ता कमी करू नका.

किलोचं गोणीत रूपांतर

इथे गोंधळ फार. युरियाची गोणी ५० किलोची होती, ती २०१८ पासून ४५ किलोची झाली. नत्र ४६ टक्के, म्हणजे गोणीत २०.७ किलो. हल्ली गंधकाचा लेप असलेला युरिया मिळतो. त्याची गोणी ४० किलोची आणि नत्र ३७ टक्के, म्हणजे पंधरा किलोही नाही. ‘एकरी दोन गोण्या’ हे वाक्य ऐकलं की कोणत्या गोण्या, हे आधी विचारा. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद.

माझी मांडणी एकरी अशी: पेरणीला डीएपी एक गोणी आणि पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो. पुढे युरिया एक गोणी आठ पानांच्या आसपास, दुसरी अकरा-बारा पानांवर. बेरीज करा: ९ अधिक २०.७ अधिक २०.७, एकूण ५०.४ किलो नत्र. शिफारशीच्या ४८ ला ही जवळपास जुळते, आणि कोणतीही गोणी फोडून अर्धी ठेवावी लागत नाही. अर्धी ठेवलेली गोणी ओल धरून दगड होते, हे ज्याच्या घरात युरिया आहे त्याला सांगायला नको.

शिफारशीप्रमाणे तीन जवळपास समान हप्ते करायचे तर पेरणीला डीएपीसोबत १५ किलो युरिया द्या आणि उरलेल्या ७५ किलोचे दोन सारखे भाग करा. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि धसकटं गाडलेल्या रानात मी हेच करतो. मध्यम ते भारी काळ्या रानात पेरणीचा युरिया मी बंद केला. जूनच्या धुवाधार पावसात, रोपाला मुळं नसताना दिलेलं ते नत्र कुणाच्याच कामाचं नसतं.

डीएपी मिळालं नाही, तर १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) या खताच्या दोन गोण्या घ्या, पालाशही त्यातच भागतं. पेरणीला १३ किलो युरिया जोडा आणि पुढे दोन वेळा ३५ किलो. सिंगल सुपर फॉस्फेट वापरणार असाल तर तीन गोण्या, पेरणीला ३५ किलो युरिया आणि पुढे दोनदा तेवढाच. सुपर फॉस्फेटमध्ये गंधक आहे, ते मक्याला मानवतं. फक्त सुपर आणि युरिया आदल्या रात्री कालवून ठेवू नका, सकाळी चिखल सापडेल.

आणखी एक. सरकारी किमतीने ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना पडते. ती स्वस्त आहे, म्हणूनच हात सैल सुटतो. दुकानदार कधी त्या गोणीच्या गळ्यात नको असलेली दोन-तीनशेची बाटली बांधतो. मलाही बांधली गेली आहे. तेव्हा युरिया ऐन जुलैच्या धावपळीत शोधण्याऐवजी मे महिन्यात आणून कोरड्या जागी फळीवर ठेवलेला बरा.

पेरणीच्या वेळी

खत बियाण्याला चिकटता कामा नये. दोन बोटं बाजूला आणि दोन बोटं खाली, अशी जागा साधली की झालं. बियाण्याच्या ओळीतच युरिया पडला तर त्यातून निघणाऱ्या अमोनियाने कोवळा मोड भाजतो आणि ओळीत खाडे पडतात. मग आपण बियाण्याच्या कंपनीला शिव्या देतो. खत आणि बियाणं वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणारं पेरणी यंत्र असेल तर प्रश्नच नाही. टोकण करायची असेल तर आधी सरीच्या बगलेला खत पेरून मातीआड करा आणि मग टोका.

जस्ताची कमतरता आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत नेहमीची. एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधी द्यावं. ते डीएपीत कालवू नका, स्फुरद आणि जस्त एकमेकांना बांधून ठेवतात.

पहिला मोठा हप्ता: सात ते आठ पानं

क्रम असा ठेवायचा: आधी तण, मग युरिया, मग कोळपं. तणात युरिया टाकणं म्हणजे पाहुण्यांआधी चोरांची पंगत बसवणं. खुरपणी झाली, वाफसा आला (जमीन ओलसर, पण पायाला चिकटत नाही अशी), की ओळीपासून वीतभर अंतरावर युरियाची धार सोडायची आणि लगेच मागून कोळपं चालवायचं, म्हणजे खत दोन-तीन बोटं मातीखाली जातं. याच वेळी मातीची भर लागली तर दुहेरी फायदा, मका लोळत नाही.

मातीआड करण्याचा एवढा आग्रह का? ओल मिळाली की युरिया दोन-चार दिवसांत फुटतो आणि त्यातून अमोनिया तयार होतो. गोठ्यात सकाळी पाऊल टाकल्यावर नाकाला झोंबतो तोच हा वायू. मातीखाली तयार झाला तर माती त्याला धरून ठेवते. वर तयार झाला तर हवेत जातो. आपल्या काळ्या जमिनींचा सामू आठच्या आसपास, त्यात ऊन आणि वारा. अशा वेळी उघड्यावर टाकलेल्या युरियातलं पंचवीस-तीस टक्के नत्र सहज उडून जातं. युरियाच्या दाण्यावरच्या कडुनिंबाच्या लेपाने हे थांबतं असा समज आहे, पण तो लेप अमोनियाचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. हवेत उडणाऱ्याला तो अडवत नाही.

गावातल्या एका वडीलधाऱ्यांना मी कोरड्या रानात युरिया फेकताना बघितलं. म्हटलं, “आबा, पाऊस येऊ द्या की, जमीन कोरडी ठाक आहे.” आबा म्हणाले, “अरे, रात्री दव पडतंय बघ. सकाळी दाणा दिसत नाही, सगळा विरघळतो.” दाणा दिसत नाही हे खरं होतं. पण दवाने दाणा फुटण्यापुरती ओल होते, मुळापर्यंत नेण्यापुरती होत नाही, आणि नऊ वाजता ऊन चढलं की जे तयार झालं ते वर जातं. पूर्ण कोरड्या मातीत, दवाशिवाय, दाणा तसाच पडून तरी राहतो. दव आणि ऊन ही जोडी सगळ्यात वाईट.

मोजून टाकण्याची युक्ती

६० सेंटिमीटरच्या ओळी असतील तर एकरात ओळींची लांबी जवळपास पावणेसात किलोमीटर भरते. त्यावर ४५ किलो युरिया पसरायचा म्हणजे एका मीटरला पावणेसात ग्रॅम. झाडं वीस सेंटिमीटरवर, तर एका झाडाच्या वाट्याला सव्वा ग्रॅमच्या थोडं वर. मुठीने हे जमणं शक्य नाही. माझ्या एका मुठीत चाळीस ग्रॅम बसतो, घरच्या मजूरबाईंच्या मुठीत तीस.

टोकणाच्या रानात मी पाण्याच्या बाटलीचं टोपण वापरतो. किराणा दुकानात दहा टोपणं भरून वजन केलं तर पन्नास ग्रॅमच्या आसपास भरलं. एक टोपण, चार झाडं. तुमचं टोपण तुम्ही मोजून घ्या, सगळ्यांचा आकार सारखा नसतो. हे किचकट वाटत असेल तर निदान एवढं करा: दहा गुंठ्यांवर चार खुंट्या ठोका आणि सव्वाअकरा किलो युरिया वजन करून त्यातच संपवा. पहिल्या दहा गुंठ्यांत हात बसला की पुढचं आपोआप होतं.

पानं ओली असताना टाकू नका. पोंग्यात दाणे अडकले की कोवळं पान भाजतं आणि पांढरे चट्टे उमटतात. लष्करी अळीने पोंगा आधीच चाळणी केलेला असतो, त्यात ही भर नको. ती अळी २०१८ ला देशात आल्यापासून पोंग्यावर आपलं लक्ष असतंच. युरिया टाकायच्या दिवशी दहा झाडांचे पोंगे उघडून बघा. अळी असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, नाहीतर खत आपण पिकाला घालतो आणि पीक अळीला.

दुसरा मोठा हप्ता: अकरा-बारा पानं

खरिपात हा साधारण चाळीस ते पंचेचाळीसाव्या दिवशी येतो. मका छातीला लागलेला असतो, कोळपं आत जात नाही, पानांच्या कडा अंगाला कापतात. म्हणून हा हप्ता टाळला जातो किंवा बांधावरून भिरकावला जातो. तो टाळायचा नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, दुपारी पानं सुकल्यावर आत जा आणि बुडाशी टाका. मातीआड करता येत नसेल तर पावसाचा अंदाज बघून, सरी लागायच्या आदल्या दिवशी टाका. दहा-पंधरा मिलिमीटरचा शांत पाऊस युरियाला खाली नेतो. शंभर मिलिमीटरचा इशारा असेल तर थांबा. सिंचन असेल तर टाकून त्याच दिवशी पाणी.

तुरा निघाल्यावर आठवण झाली तर? स्त्रीकेसर ताजे असेपर्यंत, पान फिकट असेल तर, दहा-पंधरा किलो युरियाचा काही उपयोग होतो. स्त्रीकेसर तपकिरी पडल्यावर दिलेला युरिया पुढच्या हरभऱ्याला गेला असं समजा.

पाऊस बिघडला तर

या भागावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात, आणि उत्तर एका गोष्टीवर ठरतं: पाऊस खत टाकल्यावर किती दिवसांनी आला. टाकल्यापासून पहिल्या आठवड्यात नत्र बहुतेक अमोनियाच्या रूपात मातीच्या कणांना चिकटलेलं असतं. मातीआड केलं असेल तर या काळातल्या पावसाने फार नुकसान होत नाही. आपल्याकडच्या उबदार मातीत दोन आठवड्यांत त्याचं बरंचसं नायट्रेट होतं. नायट्रेट मातीला चिकटत नाही. हलक्या रानात ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली जातं. भारी रानात पाणी तुंबलं की हवा संपते आणि जिवाणू त्याच नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नत्राचा वायू करून टाकतात. माझ्या वीस गुंठ्यांत हेच घडलं होतं: बारावा दिवस, सगळं खत नायट्रेट होत आलेलं, आणि वर चार दिवस पाणी.

तेव्हा पाणी साचलं तर पहिलं काम चर खोदून पाणी काढणं. गुदमरलेलं मूळ खत घेत नाही, त्यामुळे चिखलात युरिया टाकण्याची घाई नको. वाफसा आला, नवी पांढरी मुळी दिसली, की एकरी २० किलो युरिया जादा द्या. मधल्या काळात दोन टक्के युरियाची फवारणी चालते, दहा लिटरला २०० ग्रॅम. पण तिचा हिशेब डोक्यात ठेवा: एकरी २०० लिटर पाण्यात चार किलो युरिया, म्हणजे दोन किलोंहूनही कमी नत्र. आजाऱ्याला पेज पाजल्यासारखं आहे ते. नॅनो युरियाच्या बाटलीलाही हाच हिशेब लावा. पाचशे मिलीच्या बाटलीत सगळं मिळून द्रवच अर्धा किलो, आणि ऐन भुकेच्या काळात पिकाला रोज लागतं किलोभर नत्र.

उलट, पावसाचा खंड पडला तर हप्ता पुढे ढकला. कोरड्या रानात मक्याची वाढही मंदावलेली असते, आठाऐवजी दहा पानांवर दिलं तरी फार बिघडत नाही. पाऊस आल्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही हप्ते एकत्र टाकायचा मोह मात्र आवरा.

पिवळं पान काय सांगतं

सगळा पिवळेपणा नत्राचा नसतो. नत्र कमी पडलं की सगळ्यात खालचं पान आधी पिवळं होतं, टोकापासून सुरू होऊन मधल्या शिरेने आत सरकत, जणू कुणी टोकाकडून पाचर ठोकलीय. पान कडांनी करपत आत येत असेल तर पालाश. कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे असतील तर जस्त. रोपाला जांभळी झाक असेल तर स्फुरद किंवा नुसता गारठा. वरची कोवळी पानंच फिकट असतील तर गंधकाचा संशय घ्या. या सगळ्यांवर युरिया मारणारे लोक आहेत.

पानाचा हिरवेपणा ताडून बघायला प्लॅस्टिकची रंगपट्टी मिळते. मक्यासाठी पाचव्या क्रमांकाची छटा हा उंबरठा धरतात. वरचं पूर्ण उघडलेलं पान, सकाळी, स्वतःच्या सावलीत धरून बघायचं, दहा झाडांवर. छटा पाचपेक्षा फिकी असेल तर हप्ता द्यायचा, गडद असेल तर थांबायचं.

रब्बी, ठिबक आणि वैरणीचा मका

रब्बीत पाऊस नत्र वाहून नेत नाही, पण थंडीत पीक ते हळू घेतं. ६० किलो देणार असाल तर चार हप्ते करा आणि प्रत्येक हप्त्यानंतर हलकं पाणी द्या. मोकाट पाटपाण्याने तेच नत्र खाली जातं. ठिबक असेल तर काम आणखी सोपं. तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला युरिया: ८, १२, १६ आणि मग तीन वेळा १८ किलो. सहा पाळ्यांत बरोबर ९० किलो. आधी थोडा वेळ साधं पाणी, मधे खत, शेवटी वीस-पंचवीस मिनिटं पुन्हा साधं पाणी, म्हणजे नळ्या धुऊन निघतात.

वैरणीसाठी पेरलेल्या मक्याला युरिया जास्त देण्याची सवय आहे, कारण पाला दिसतो. तिथे जपा. खत भरपूर आणि पावसाचा ताण, असं झालं की बुंध्यात नायट्रेट साठतं, आणि तो हिरवा चारा खाऊन जनावर दगावू शकतं. ताणानंतर पाऊस पडला तर निदान आठवडाभर कापू नका, आणि कापताना बुडखा वीतभर उंच ठेवा. मुरघास केला तर नायट्रेट बरंच उतरतं.

स्वतःच्या रानाची परीक्षा

इतकं सगळं वाचूनही तुमच्या रानाला ४८ किलो पुरतात की ६० लागतात हे मला सांगता येणार नाही. ते मक्यालाच विचारायचं. पेरणीनंतर पंधरा दिवसांनी शेताच्या मधोमध चार ओळी, वीस-वीस पावलं लांब, खुंट्या ठोकून आखा आणि त्यांना जादा युरिया द्या, मीटरला सात ग्रॅम. दुसरीकडे तशाच चार ओळींना युरिया द्यायचाच नाही, पेरणीचं डीएपी सोडून. बाकी शेत नेहमीप्रमाणे.

दुसऱ्या हप्त्याच्या आधी जादावाल्या ओळींसमोर उभे राहा. त्या आणि शेजारचं शेत यांच्या रंगात फरक दिसत नसेल तर शेताला आत्ता भूक नाही, दुसरा हप्ता थोडा कमी केला तरी चालेल. फरक लांबूनच डोळ्यात भरत असेल तर उशीर न करता पूर्ण गोणी टाका. काढणीला तिन्ही ठिकाणच्या मधल्या दोन-दोन ओळी वेगळ्या तोडा, सारख्या लांबीच्या, आणि दाणे काढून वजन करा. बिनयुरियाच्या ओळी नेहमीच्या शेताच्या निम्म्याहून जास्त वजन देत असतील तर जमीन स्वतः बरंच पुरवते आहे. जादावाल्या ओळींनी नेहमीच्या शेतापेक्षा काहीच वाढवून दिलं नसेल, तर पुढच्या वर्षी तिसऱ्या गोणीचा विचार सोडा. माझ्या वरच्या रानात सलग तीन खरीप फरक निघाला नाही. खालच्या अंगाला तो दरवर्षी निघतो, म्हणून तिथे आता आधी चर काढतो आणि दुसरी गोणी दोनदा विभागून टाकतो.